पाच फळ्यांचं टेबल

त्या सुताराला सगळे भिंगरी म्हणत. धीर म्हणून जो काही होता तो सगळा हातात. पायांच्या वाट्याला काही उरलंच नाही. रंधा चालू असला की माणूस शांत. रंधा खाली ठेवला की लागलीच येरझाऱ्या! आणि फळ्या जोडायच्या कामात तर निम्मा वेळ वाट बघण्यातच जातो.

त्या दिवशी सकाळी त्यानं पाच फळ्यांच्या कडा रंधल्या. एका फळीच्या कडेवर दुसरीची कड टेकवून खिडकीसमोर धरली, मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. उजेड पार बंद झाला तेव्हा कुठे कडांना गोंद लावला, पाची फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि लोखंडी शिकंज्यांत आवळल्या. सांध्यांतून गोंदाचे थेंब सारखे वर आले. झकास! आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही म्हणे! दर दहा मिनिटांनी हा शिकंजा चाचपायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. आज जास्तच, कारण हे टेबल बायकोचं होतं.

बायको शिवणकाम करायची. बावीस वर्षं जमिनीवर बसून, वाकून कापड कापत होती. सुताराची बायको आणि कापायला टेबल नाही, दिव्याखाली अंधार तो हाच. टेबलं झाली नाहीत असं नाही, चार झाली. पण गिऱ्हाईक दारात आलं की याची जीभ नाही म्हणायला वळायचीच नाही. "हे जाऊ दे, पुढचं तुझंच," हे तिनं चारदा ऐकलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे झिजलेत, खाली बसणं बंद. तेव्हा कुठे त्यानं चांगल्यातल्या फळ्या काढल्या.

"उद्या तुझं टेबल," त्यानं सांगितलं.

"लबाडाघरचं आमंत्रण," ती हसून म्हणाली, "जेवल्याशिवाय खरं नाही."

दुपारी कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. शिकंज्यांतल्या फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "मिस्त्री, सांधा कुठाय तेच कळत नाही! मला काउंटरला अस्संच हवंय. हेच देऊन टाका."

"न्या की उद्या," भिंगरी बोलून गेला. सवयीनं, हो, निव्वळ सवयीनं!

बेकरीवाला वळला तर दारात बायको चहाचा कप घेऊन उभी. तिनं त्याला वाट दिली, कप फळीवर ठेवला.

"अगं, ते मी..."

"चहा गार होईल," ती म्हणाली. ना राग, ना टोमणा. तिनं भांडायला हवं होतं. ती भिंत धरून एक पायरी उतरली, थांबली, मग दुसरी उतरली. मागे घरात जाऊन तिनं चटई पसरली आणि कण्हत खाली बसली. कापडावर कात्री चालल्याचा आवाज त्याला कारखान्यात ऐकू आला.

अरे गाढवा, तो स्वतःला म्हणाला. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत तो दाराशी पोचला तो वळलाच नाही. चपला न घालता रस्त्यावरून पळत सुटला आणि बेकरीच्या दारात बेकरीवाल्याला गाठलं.

"ते टेबल मिळणार नाही," तो धापा टाकत म्हणाला. "ते आधीच गेलंय."

"आत्ता तर हो म्हणालात! कुणाला गेलं?"

"बायकोला."

बेकरीवाला मोठ्यानं हसला. "अहो, घरच्या माणसाचं काय घेऊन बसलात! मी दुप्पट देतो. तिनं असं काय दिलंय?"

"दोन्ही गुडघे," भिंगरी म्हणाला.