सिंहासनावरचं गळू

कवींनी डोळ्यांवर लिहिलं, हातांवर लिहिलं; पण माणूस दिवसभर ज्याच्यावर बसतो, त्याच्यावर कुणी एक ओळ खर्चली नाही. मलाही त्याची थोरवी कळली ती सोलापुरात, गणपतीतल्या नाटकाच्या दिवशी, नेमकं तिथं गळू आलं तेव्हा. मी राजा होतो. पहिला अंक मी उभ्यानंच काढला. पुढ्यात बसलेला मंद्रूपचा म्हातारा ओरडला, "राजं, बसा की आता! पाय दुकत न्हाईत व्हय?" मांडव खदखदून हसला.

पडद्यामागं मॅनेजर दातओठ खात म्हणाले, "आता बसला नाहीत, तर उद्या भालदाराला राजा करतो." भालदार लगेच मिशीला पीळ देऊ लागला.

पुढच्या प्रवेशात युवराज रणात पडल्याचं ऐकून राजानं सिंहासनावर कोसळायचं होतं. मी कोसळलो. जी किंकाळी फुटली, ती नाटककारानं लिहिलेली नव्हती. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. म्हातारा हळहळला, "बापाचं काळीज हाय ओ!"

माझं राजेपद वाचलं. सगळ्यांनी माझ्या आवाजाचं, काळजाचं तोंडभरून कौतुक केलं. खरं काम करणाऱ्याचं नाव चारचौघांत घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे हार गळ्यातच पडला.