विमानाच्या पंखावरच्या कुरडया

संग्रहालयाच्या बाई गच्चीवर आल्या तेव्हा मी विमानाच्या पंखावर शेवटची कुरडई घालत होते.

तो पंख आहे हे मला माहीत नव्हतं. त्या कुरडया आहेत हे बाईंना चांगलं माहीत होतं. तोंड उघडं टाकून उभ्या राहिल्या नुसत्या. त्यांच्या मागून आमचे हे एकेक पायरी मोजत जिना चढत आले. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघे गेलेले, पण आवाज असा की लग्नात नवरदेवाला मांडवात आणतायत!

"आन् हा बघा मॅडम, ज्याच्यासाठी तुमी पुण्यास्नं आला, तो आमचा..."

त्यांनी कुरडयांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या सोऱ्याकडं बघितलं आणि पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

"काय केलंस गं ह्ये?"

"कुरडया. दिसत न्हाईत व्हय?"

आता माझी बाजू ऐका. ह्यांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात गेली. पत्र्याचं काम. लोक म्हणतात पत्रा ठोकायचे, पण ठोकून विमान उडत असतं तर आमच्या गोठ्याचं छप्पर कधीच दिल्लीला गेलं असतं! गावाकडं परत आलो तेव्हा भांड्यांपेक्षा ह्यांचे कागद जास्त होते. फाटकाचे पास, जुनी चित्रं, बिल्ले, आणि फोटो तर विचारू नका. विमानाखाली उभे, विमानावर उभे, विमानाच्या पोटात अर्धे आत नि पाय बाहेर. (लग्नातला आमचा फोटो एकच, आणि त्यात हे डोळे मिटून!)

हे सगळं पुण्याच्या संग्रहालयात जाणार असं ठरलं आणि ह्यांच्या अंगात वारं शिरलं. बाहेरची खोली ताब्यात घेतली. सगळीकडं कागद. पाहुणा आला तर त्याला दारातच पाणी द्यायचं. मला दम होता, "ह्या खोलीतल्या कशाला हात लावायचा न्हाय."

नाही लावला! देवाशप्पथ नाही लावला. मी गच्चीवर होते.

बारामतीच्या लेकीला कुरडया पाहिजे होत्या. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक तयार. चुलीवर शिजवला, पातेलं गच्चीवर नेलं, आणि बघते तर माझ्या प्लॅस्टिकच्या कागदाला उंदरांनी भोकं पाडलेली. शिजलेला चीक थांबत नाही. गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, मग तो कुत्र्याला घाला नाहीतर भिंतीला. मी इकडं तिकडं बघितलं, आणि गच्चीच्या मधोमध दोन बाजांएवढा, जाड, दुधाच्या रंगाचा, प्लॅस्टिकसारखा थोडा आरपार दिसणारा कागद अंथरलेला. चारी कोपऱ्यांना विटा. उन्हात. आता तुम्हीच सांगा, अशी वस्तू गच्चीवर आणखी कशासाठी असते? मला वाटलं, नवऱ्याला आयुष्यात एकदा तरी माझी अडचण आधीच कळली. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

बाईंचं नाव ऋतुजा. इंदापूरचीच पोर, वडील लोणी देवकरला कंपनीत. म्हणजे तिला कुरडई काय असते हे समजवायची गरज नव्हती, तेच वाईट झालं. "आजी, माझी आईपण घालते हो. पण साडीवर घालते!"

"साडीला चिकटतात."

"आजी, हा विमानाच्या पंखाचा आराखडा आहे. खऱ्या मापाचा. ह्याच्यावर ठेवून पत्रा कापायचे. आजोबा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी आठवण म्हणून दिला, आणि ह्यांच्या अख्ख्या टोळीनं कडेला सह्या केल्यात. फोटो, पास आमच्याकडं पुष्कळ येतात. मी आले ती ह्याच्यासाठी."

हा कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून माळ्यावर होता आणि मी तो कधी उघडलेला बघितला नव्हता. सुरळीचा बाक जावा म्हणून ह्यांनी सकाळी उन्हात अंथरला. मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. संसार असाच झाला आमचा.

"विमानावर नाव असतं ते चालवणाऱ्याचं," हे खालच्या आवाजात बोलले. "करणाऱ्याचं नसतं. आमची नावं ह्या एका कागदावर हायेत, दुसरीकडं कुठंच न्हाईत. मी सगळ्यांना बोललोय, भिंतीवर लावीन म्हणून."

हे ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. पण ते ओरडलेच नाहीत, मग मी काय करणार? मी सोऱ्या खाली ठेवला आणि खरं सांगून टाकलं.

"कुरडया घालायच्या आधी पुसला होता. ओल्या फडक्यानं."

"पुसला?"

"दोन्ही बाजूंनी. धूळ होती."

ह्यांनी डोळे मिटले. (लग्नातल्या फोटोसारखेच.) मग एकदम उघडले. "अगं, वरची बाजू कोणची हाय? गुळगुळीत का खरबरीत? सगळी शाई खरबरीत बाजूला हाय. तिच्यावर चीक वाळला तर आक्रसताना नावं उचलून घेईल!"

मला आठवेना. पुसताना उलटा केला होता, मग सुलटा केला होता, मग माशी आली म्हणून परत उलटा. बाई गुडघ्यांवर बसली, कडेला नाक लावलं. आम्ही दोघं श्वास धरून.

"आजोबा, वाचता येत नाहीये. अक्षरं उलटी आहेत!"

माझी शाळा चौथीत संपली. इंग्रजी सुलटं असलं तरी मला उलटंच. मी म्हटलं, गेलं सगळं. पण हे टाकीला टेकल्या टेकल्या हसायला लागले. "उलटी दिसत्यात म्हंजी नावं खाली! गुळगुळीत बाजूवर घातल्यास गं बाई, गुळगुळीत बाजूवर!"

मी लगेच पदर खोचून म्हटलं, "मग? खरबरीत बाजूला कुरडई घालीन का मी? एवढं कळतं मला." (काही कळत नव्हतं. माशीनं वाचवलं.)

आता कुरडया वाळून आपोआप सुटेपर्यंत कागद हलवायचा नाही असं ठरलं. बाईनं पुण्याला तिच्या मोठ्या मॅडमना फोन लावला. "हो मॅडम, वस्तू बघितली. सुस्थितीत आहे. नाही, आज हलवता येणार नाही. वस्तूवर... खाद्यपदार्थ आहे. हो, ताजा."

म्हटलं, चला, जेवून घ्या. भाकरी, पिठलं, ठेचा. बाई कौतुकानं जेवत होती, हे एकेका फोटोची गोष्ट सांगत होते, सगळं कसं छान चाललं होतं. तेवढ्यात कळस गावाच्या बाजूनं वावटळ आली.

दुपारची वावटळ आमच्याकडं नवी नाही. धुळीचा खांब येतो, दोन-चार टॉवेल नेतो आणि जातो. हे घास हातात धरून म्हणाले, "काळजी न्हाय. चारी कोपऱ्यांना विटा हायेत."

मी भाकरीकडं बघत म्हटलं, "दोन हायेत. दोन मी बसायला घेतल्या होत्या."

आम्ही अंगणात पोचलो तेव्हा पंख उडत होता. खरंच उडत होता हो! ज्या विमानाचा तो पंख, ते विमान मोडीत निघून किती काळ झाला, पण पंख आमच्या गच्चीवरून उठला, आंब्यावरून गेला, उन्हात एकदा चमकला आणि वाटेत कुरडया टाकत टाकत बापूरावांच्या डाळिंबाच्या बागेकडं निघाला. बाई किंचाळत पळाली. मी पळाले. हे जागचे हलले नाहीत. कपाळावर हात धरून वर बघत उभे.

"अहो, बघताय काय?"

"काय उचलतोय गं! अजून काय उचलतोय!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारचे बापूराव.

"वहिनी, तुमच्याकडनं कायतरी येऊन आमच्या जाळीवर बसलंय. जितं हाय का मेलंय कळंना."

बापूरावांनी बागेवर नुकतीच पांढरी जाळी टाकली होती, पाखरांसाठी नि उन्हासाठी. कर्ज काढलं नव्हतं, पण जाळीकडं बघायचे मात्र कर्ज काढल्यासारखं. त्या जाळीच्या बरोबर मधोमध आमचा पंख पसरला होता. आम्ही खालून बघत होतो.

"ह्ये काय म्हणायचं?" बापूरावांनी विचारलं.

"विमानाचा पंख," मी म्हटलं.

"आन् वर ती गोल गोल?"

"कुरडया."

बापूरावांनी थोडा विचार केला. "पॅसेंजर व्हय?"

कुणी हसलं नाही. मागून हे काठी टेकत पोचले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. शाईची बाजू खाली, म्हणजे जाळीवर. जाळी तारांना बांधलेली, आणि तारांची टोकं वर आलेली. कागद ओढला की प्रत्येक टोक नावांवरून ओरखडत जाणार. नाही ओढला तर पुढची वावटळ नेणार, आणि पुढं मैलभर नुसता ऊस!

"बापूराव, खालनं जाळी कापली तर अलगद उतरंल," हे म्हणाले.

"नवी जाळी हाय तात्या."

"व्हय. म्हणूनच विचारतोय."

"असं काय हाय त्या कागदावर?"

"आमची नावं हायेत. बाकी कुठं न्हाईत."

बापूरावांनी वर जाळीकडं बघितलं. हा माणूस बांधावरच्या एका बोरीवरून माझ्याशी वर्षभर भांडलेला आहे. मला वाटलं, आता हिशोब सांगेल. तो वळला, झोपडीतून विळा आणि शिडी घेऊन आला, आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या नव्या जाळीला एका कडेपासून चीर देत निघाला. "खाऊ द्या पाखरांना यंदा," एवढंच म्हणाला. त्या बोरीची सगळी बोरं मी त्या क्षणी त्याला देऊन टाकली. (मनात. प्रत्यक्षात अजून दिलेली नाहीत.)

बापूराव शिडीवर. खाली मी, बाई आणि बापूरावांची सून सुमन, तिघींनी चादर ताणून धरलेली. चौथ्या कोपऱ्याला आमचे हे, काठी बगलेत.

"हळू! डावी बाजू खाली येऊ द्या. वहिनी, हलू नका," बापूराव वरून.

"मी हललेच न्हाय!"

आणि बरोबर त्याच वेळी माझ्या हातातलं टोक सुटलं. वरून गळलेल्या चिकानं हात बरबटलेले होते, काय करू? चादर कलली, पंख घसरला, हवेत एकदा पालथा झाला आणि अख्खाच्या अख्खा माझ्या डोक्यावर येऊन बसला. कुरडया खाली, नावं वर.

"आजी! अजिबात हलू नका!" बाईचा आवाज.

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या!"

मी डाळिंबाच्या दोन ओळींमध्ये हात वर करून उभी. ओला चीक केसांत, कानांत, मानेवरून पोलक्यात. शेवया उगवल्यासारखी दिसत होते असं सुमन नंतर सगळ्या गावाला सांगत फिरली. बाईनं कडेकडेनं बघायला सुरुवात केली. एक कोपरा फाटला होता. सह्या?

"आजोबा, तुम्हीच बघा," ती म्हणाली.

ह्यांची काठी जवळ आली. मला काही दिसत नव्हतं, दुधासारखा उजेड तेवढा. त्या उजेडात ह्यांचं बोट वरून सरकताना दिसलं. एकेका नावावर थांबत होतं.

"शिवण्णा. गेला. फ्रान्सिस. हाही गेला, लई हसवायचा. बशीरभाई. गेले. जोशी. गेला. सगळी हायेत बघा, एकबी पुसलं न्हाय!"

माणसं गेलेली आणि नावं सगळी आहेत म्हणून आमच्या ह्यांचा आवाज आनंदानं कापत होता. मी चीक गळत असताना खाली उभी राहून विचार करत होते की एवढी वर्षं ह्या माणसाला मी 'पत्रेवाले' म्हणून चिडवलं. चुकीचं नव्हतं. पण ज्या माणसाला दुसऱ्यांच्या सह्या स्वतःच्या सहीपेक्षा मोठ्या वाटतात, तो पत्रेवाला साधा नसतो.

"कुट्टी. हाय! परवाच फोन होता, पालघाटास्नं."

बोट पुढं सरकलं आणि थांबलं.

"आन् हा मी," हे म्हणाले.

आराखडा आता पुण्यात भिंतीवर आहे, काचेमागं. बाईंच्या माणसांनी पुष्कळ पुसला, तरी गुळगुळीत बाजूचे गोल ठसे काही गेले नाहीत, पुढूनही आरपार दिसतात. त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी दोघं हयात आहेत: कुट्टी आणि आमचे हे. ठसे उठवणारीही हयात आहे. तिची सही कुणी मागितली नाही, पण दारातून आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते तीच!