पूजेआधीच विकलेलं मशीन

मी ज्यांचा घात केला ते भागवतमामा. कधी? गेल्या खंडेनवमीला, सकाळी साडेनऊला, अंबडमधल्या आमच्या कारखान्यात, सगळ्यांच्या देखत. तरी कुणाला कळलं नाही, आणि मीही आजवर तोंड उघडलेलं नाही.

मी मूळची पत्रकं लिहिणारी. मालकाने कारखाना बंद केला तेव्हा गेटवर वाटलेलं प्रत्येक पत्रक माझं. 'कामगाराला विचारल्याशिवाय एक मशीन हलणार नाही' — हेही माझंच, ठळक टायपात. पुढे कामगारांनीच सोसायटी काढून कारखाना चालवायला घेतला आणि मला अध्यक्ष केलं. मोठा निर्णय हात वर करूनच घ्यायचा, असं ठरलं.

मग कामं आली — आणि काय आली! जुन्या गिऱ्हाइकाला पेट्रोल स्कूटरच्या पिना हव्यात, आजच्या आज. नव्याला इलेक्ट्रिक स्कूटरचे भाग हवेत आणि त्याचं ड्रॉइंग दर आठवड्याला बदलतं. एकाला हो म्हटलं की दुसरा रुसतो. दमले होते? छे! खरं सांगू — मला चढली होती. कंपनी आपण चालवतोय, आपण!

नव्या कामाला कॉम्प्युटरवरचं मशीन हवं होतं, त्याला जागा हवी होती. जागा एकच, भागवतमामांच्या लेथ मशीनची. वीस वर्षं मामा त्याच्यावर. टूल बोथट झालं की नुसत्या आवाजावरून सांगायचे. सभेला कितीसा वेळ लागला असता? एक दुपार. पण सभेत मामा बोलले असते, आणि हात खालीच राहिले असते तर — ही भीती. म्हणून अष्टमीलाच मी मामांचं मशीन विकायचा सौदा करून टाकला. एकटीने.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्रं बंद, धुऊनपुसून लख्ख, झेंडूच्या माळा घातलेल्या. मामांनी आपल्या मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ माझ्या हातात दिला. "अध्यक्षबाई, भाषण नको. फोडा." सगळे हसले. मी फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मामांनी मलाच दिला, मशीनवर थाप मारली. "अजून धा वर्सं काय होत नाय याला."

मी मान डोलावली. खोबरं चावत.

दसरा झाला, ट्रक आला. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, इचारलं का कुणाला?"

"नव्या गिऱ्हाइकाची अट होती, मामा. माझा नाइलाज झाला."

असली अट नव्हतीच. त्या गिऱ्हाइकाला ते मशीन कुठं उभं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आणि मामांनी काय करावं? मलाच धीर दिला. आता ते पॅकिंगला आहेत, खोक्यांना टेप लावतात. काम वाढलं, वार्षिक सभेत मला टाळ्या पडल्या — मी त्या घेतल्या. मशीन काढायला नको होतं, असं नाही म्हणत मी. कदाचित हात वर झालेही असते. मामांचाही झाला असता. मी तो होऊच दिला नाही.

तुम्हीही कुठल्या तरी सोसायटीचे, युनियनचे, मंडळाचे सभासद असालच. तुमचा लाडका, चुरचुरीत बोलणारा पुढारी 'नाइलाज झाला' म्हणाला की माना डोलावू नका. अट कुणाची? कागद दाखव, म्हणा. तिथल्या तिथे म्हणा, ट्रक गेटबाहेर पडायच्या आत.