दहा लाख नऊचं शुद्धिपत्र

माझी आत्या एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं वाचत होती. तिथे तिला सगळे ‘टाचणी’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तिच्या नजरेखालून गेलेल्या पानात कुणाला कधी चूक सापडली नाही, हे ती आल्यागेल्याला पाणी द्यायच्या आधी सांगे. माणसाला एवढा अभिमान असू नये असं मला वाटायचं.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना एका प्राध्यापकांचं मूळ संख्यांच्या कोष्टकांचं पुस्तक आलं. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंही पूर्ण भाग जात नाही अशी. पानंच्या पानं नुसते आकडे. छापखान्याचा नियम असा, की हस्तलिखिताशी ताडायचं आणि सोडायचं; लेखकाची अक्कल काढायची नाही. आत्यानं तसं सोडलंही. पण शेवटच्या पानावरचा १०००००९ तिला झोपू देईना.

“तोंडावरूनच लबाड वाटतो मेला,” ती मला म्हणाली आणि भागायला बसली.

जेवणाच्या सुट्टीत, जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर, रोज चार-पाच भागाकार. दोनपासून सुरुवात करून ओळीनं एकेक मूळ संख्या. बासष्टावी निघाली २९३. भाग गेला ३४१३ वेळा, बाकी शून्य. तोवर पुस्तक छापून झालं होतं.

प्राध्यापक तणतणत आले. “बाई, या कोष्टकात माझी बारा वर्षं गेलीत!”

“मग आणखी एक मिनिट जाऊ द्या,” म्हणत आत्यानं पेन्सिल पुढे केली.

त्यांनी तीनदा गुणाकार केला. तिन्ही वेळा उत्तर तेच आल्यावर ते खुर्चीत बसले. आत्या आठवडाभर जमिनीवरून दोन बोटं वर चालत होती.

प्रत्येक प्रतीत चिकटवायचं शुद्धिपत्र तिनंच लिहिलं. आपलं लिखाण आपण तपासू नये, आपल्याला ते बरोबरच दिसतं, हे नवशिक्यांना शिकवायची तीच. पण टाचणीचं तपासणार कोण? मालक म्हणाले, “तुम्ही लिहिलंय, त्यात आणखी काय वाचायचं?” आत्याला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. तिनंच वाचलं आणि तिनंच सही केली.

निरोपाच्या दिवशी प्राध्यापक लवकर आले आणि त्यांनी कुणाला न कळता शुद्धिपत्राचा कागद तिच्या हातात दिला. त्यावर छापलं होतं: ‘१०००००९ ही मूळ संख्या नाही. अवयव: २९३ आणि ३४३१.’ खाली त्यांच्या अक्षरात गुणाकार होता, उत्तर १००५२८३.

“मी कुणाला बोलणार नाही,” ते हळूच म्हणाले.

मी शेजारीच होतो. आत्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच तिची दया आली.

मालक भाषणाला उभे राहिले. “एकतीस वर्षांत यांच्या हातून एकही चूक—”

“झाली,” आत्या उठून म्हणाली. “एक झाली. शुद्धिपत्रात.”

सगळे खो खो हसले. टाचणीला विनोदही करता येतो म्हणून टाळ्यासुद्धा पडल्या. ती पुन्हा सांगायला लागली, तसे आणखी हसले. शेवटी ती बसली.

“पुढच्या आवृत्तीला कोष्टक तुम्हीच तपासा, बाई,” प्राध्यापक म्हणाले.

“आणि शुद्धिपत्र?”

“ते मी तपासतो.”

आत्यानं आपली लाल पेन्सिल त्यांना देऊन टाकली.