मोलकरणीला माझी बोली

मंडळी, औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी डबिंग करते. परदेशी मालिकांतल्या बायकांना मराठी आवाज देते.

आज अमेरिकेची मालिका होती. गोरी बाई वकील. काळा माणूस चोर. मेक्सिकोहून आलेली बाई मोलकरीण. वकीलबाईला शुद्ध मराठी लिहिलेली. चोर आणि मोलकरणीसाठी आमचे डबिंग डायरेक्टर सर म्हणाले, "यांना गावाकडचा टोन द्या. ताई, तुमचा फुलंब्रीचा एकदम बसेल."

मी म्हणाले, "सर, एकदा वकीलबाईला देऊन बघू की. आमच्याकडं वकील नाहीत का?"

सगळे हसले. चोराचा आवाज करणारा पैठणचा दादा हसला नाही, त्यानं हेडफोन कानाला लावला. सर म्हणाले, "लोकांना पटायला पाहिजे ना ताई," आणि माइक चालू केला.

मी मोलकरीण केली. लई चांगली झाली, याचाच राग येतोय.

डबा एकटीनंच खाल्ला. तेवढ्यात गावाकडून आईचा फोन आला. "आज कोण झालीस गं?"

"वकील," मी म्हणाले.

मालिका लागली की आई त्या मोलकरणीला लगेच ओळखणार. मी आईसारखीच बोललेय. तेव्हा आईला काय सांगू?