भिंतीत सोडलेली गाडीवाट

मी आयुष्यात एकच युद्ध लढलो आणि त्यात माझा एकही सैनिक मारला गेला नाही. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवताना मी अनेक सेनापती फळ्यावर उभे केले आणि पुसले, पण हा दावा करू शकेल असा त्यांच्यात कुणी आढळला नाही.

युद्ध आमच्या जळगावच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झालं. कारण मात्र अमळनेरजवळच्या आमच्या गावात होतं.

वडिलांनी जमिनीचे दोन तुकडे केले. रस्त्यालगतचा माझा, त्याच्या मागचा धाकट्या भावाचा. भावाला आपल्या शेतात जायचं तर माझ्या शेतातून जाणाऱ्या गाडीवाटेशिवाय दुसरा मार्ग नाही. गेल्या हंगामात त्याच्या ट्रॅक्टरने माझी दोन ओळी कपाशी चिरडली. मी तक्रार केली तर तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही वर्षातून दोनदा येतात. ओळी मोजाले येतात का?" वाक्यात तथ्य होतं, म्हणून ते जास्त लागलं. मी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आणून शेडमध्ये टाकली. गुरुवारी माणसं येऊन वाट बंद करणार होती. भावाने एकदा फोन केला, "मंग आम्ही काय उडीसन जासूत का?" एवढं विचारून ठेवून दिला. त्यानंतर बोलणं बंद.

सोमवारी त्याची मुलगी आली. ती शिरपूरला इंजिनिअरिंग शिकते. पाठीवर लॅपटॉप, हातात तिच्या आईने भाकरीसाठी दिलेले कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचे पुडे. घरातली मुलं मला नाना म्हणतात, तीही म्हणते. पुडे माझ्या बायकोच्या हाती देऊन ती माझ्यासमोर बसली.

"नाना, तुमचं ते युद्धनीतीवरचं व्याख्यान अजून चालू आहे ना?"

चालू होतं. 'युद्धनीती आणि जीवन' या विषयावर मी ठिकठिकाणी बोलतो. शाल मिळते, नारळ मिळतो. माझ्या व्याख्यानातल्या घोडदळाने आजवर कधी चारा मागितलेला नाही.

"मग माझ्याशी एक डाव खेळा. कॉम्प्युटरवर. राज्य उभारायचं, फौज करायची, समोरच्याचं राज्य पाडायचं. तुम्ही जिंकलात तर बाबांना मी समजावते, खुशाल खांब रोवा. मी जिंकले तर वाट राहील."

मी होकार दिला. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकाने विशीतल्या मुलीसमोर माघार घेतल्याचं गावात कळलं असतं, तर नारळसुद्धा थांबले असते.

तिने माझ्या संगणकावर खेळ चढवला आणि स्वतः टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसली. प्रशिक्षण दोन मिनिटांत संपलं. डाव्या बटणाने माणूस निवडायचा, उजव्याने कामाला लावायचा. "आणि नाना, इथे बुद्धिबळासारखी पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तरी मी थांबणार नाही."

पडदा काळा झाला. मधोमध एक इमारत, भोवती थोडी हिरवळ आणि तीन मजूर. बाकी जग अंधारात. मी एका मजुराला लाकूड तोडायला सांगितलं. त्याने परक्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं आणि निघाला. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं मिळवायला काय करावं लागतं हे ज्याने पाहिलंय, त्याला या दृश्याने भरून येईल. चहा नाही, गाडी नाही, आगाऊ उचल नाही. इमारतीला सांगायचं, की नवा मजूर दारातून बाहेर.

मी लगेच शेती लावली. पूर्व-पश्चिम, सरळ रेषेत, मध्ये मोकळी जागा ठेवून.

"नाना, ती शेतं जवळजवळ ठेवा. मजुरांना चालावं लागतं."

"हवा खेळायला पाहिजे."

"या खेळात हवा नाहीये, नाना."

लाकूडही हळूहळू येत होतं, कारण प्रत्येक झाडाआधी मी एक गोष्ट तपासत होतो.

"हे झाड कुणाच्या बांधावर येतं?"

"कुणाच्याच नाही. तोडा."

"असं कसं कुणाच्याच नाही?"

एक मजूर शेताच्या कडेला नुसता उभा होता. कोपऱ्यात घंटी वाजायला लागली. ती म्हणजे रिकाम्या माणसाची सूचना, असं तिने न बघताच सांगितलं.

"दुपार आहे," मी म्हणालो. "जेवत असेल."

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "काय चाललंय?"

"राज्य करतोय."

"मग राज्यातून उठून गॅस बंद करा. माझे हात पिठाचे आहेत."

उठलो, गॅस बंद केला, परत आलो. त्या मिनिटभरात पुतणीने, तिच्याच सांगण्याप्रमाणे, तबेला बांधला होता. मी घाबरलो नाही. व्याख्यानातला तिसरा मुद्दा मला पाठ होता: आधी संरक्षण. मी सगळे मजूर दगड फोडायला लावले आणि राज्याभोवती भिंत बांधायला घेतली. भिंत सुंदर होत होती. एकेक तुकडा जोडत मी शेतांना, झाडांना, त्या जेवणाऱ्या मजुरालाही आत घेतलं. शेवटचा चिरा बसल्यावर खुर्चीत मागे टेकलो. आता चिरडा म्हणावं ओळी.

थोड्या वेळाने अंधारातून तिचे घोडेस्वार आले. वीसेक असतील. भिंतीला त्यांनी हात लावला नाही. भिंतीच्या कडेकडेने उत्तरेला गेले, तिथे वळले आणि दोघा-दोघांच्या रांगेने, लग्नाची वरात यावी तसे, आत शिरले.

पुतणी थबकली. तिचे घोडेही थबकले. मग ती उठून माझ्या पडद्यापाशी आली.

"नाना, भिंतीत ही जागा कसली सोडलीये?"

मी पाहिलं. उत्तरेच्या बाजूला भिंतीत दोन बैलगाड्या सहज जातील एवढी फट होती. दोन्ही बाजूंचे चिरे नीट, कोपरे काटकोनात. विसरलेली फट अशी नसते.

"वाट आहे," मी म्हणालो.

"कुणासाठी?"

"मागच्या शेतवाल्यासाठी. नाहीतर तो जाणार कुठून?"

तिने पडद्यावरच्या आपल्या घोड्यांकडे बोट दाखवलं. "नाना, मागचा शेतवाला मीच आहे."

आमच्या गावात विहीर खणा, गोठा बांधा, बांध घाला, पहिला प्रश्न एकच असतो: मागचा कुठून जाणार? वडील आधी गाडीवाटेच्या दोन बाजूंना दोन दगड ठेवायचे आणि मगच कुदळ उचलायचे. ते दगड धरायला मी असायचो. खांब आणले तेव्हा हे मला आठवलं नव्हतं. माझ्या हाताला मात्र ते माहीत होतं, आणि त्याने मला विचारलं नाही.

"बुजवा," ती म्हणाली. "मी घोडे बाहेर काढते. बुजवा आणि पुढे खेळा. मी काही म्हणणार नाही."

मी फटीवर माउसचा बाण नेला. एक दगड, फार तर दोन. मजूर जवळच उभा होता.

"राहू दे," मी म्हणालो. "आता पडली वाट."

ती जागेवर जाऊन बसली. पुढचं लवकर आटोपलं. माझे मजूर पळाले नाहीत, ते शेवटपर्यंत कपाशीला पाणी द्यावं इतक्या शांतपणे शेतात उभे होते. तो रिकामा मजूर तर अखेरपर्यंत जेवत होता. मधली इमारत धडाडून पडली आणि कुठलंसं गंभीर संगीत वाजलं.

पुतणीने तिथूनच बापाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोन जिंकनं?" भावाने विचारलं.

"मी. पण बाबा, नानांनी भिंतीत आपली वाट सोडली होती. मी बुजवा म्हटलं तरी बुजवली नाही."

फोनवर मागे ऐकू येणारा मोटारपंप भावाने बंद केला. मग तो म्हणाला, "भाऊले सांग, ट्रॅक्टर आते सावकाश काढसू."

"ऐकलं," मी म्हणालो. आमचं बोलणं सुरू झालं ते असं.

गुरुवारी माणसं आली, त्यांनी चहा घेतला आणि खांब उचलून भावाच्या मळ्यात नेले. तिथे आता त्यांच्यावर दोडक्याचा मांडव आहे.

डाव संपल्यावर पडद्यावर एक तक्ता येतो. पुतणीने त्याचा फोटो मला पाठवला, तो मी जपून ठेवला आहे आणि व्याख्यानात त्यातला एक आकडा आवर्जून सांगतो: मारले गेलेले सैनिक, शून्य. सभागृहात टाळ्या पडतात. त्याच्या शेजारच्या रकान्यात तयार केलेल्या सैनिकांची संख्या आहे. तीही शून्य आहे.