प्रायोरिटी वनचा पेशंट

कारगिलनंतर काही वर्षांनी आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेला गेली. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. माझ्या गावी, फुलचूरला, आजही लोक विचारतात, "फॉरेन में मजा आया होगा ना?" अशा माणसाला मी उत्तर देत नाही. त्याच्या लेखी परदेश म्हणजे विमान आणि फोटो.

आमची पोस्ट टेकडीवर होती. पाचला उठणं, सहाला पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकणं, साडेसातला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. माझ्याकडे एक टेबल, सलाइन आणि पट्ट्या. ऑपरेशन फक्त फील्ड हॉस्पिटलमध्ये, हेलिकॉप्टरने चाळीस मिनिटं. हेलिकॉप्टर सोडणारे मेजर साहेब हेडक्वार्टरला एसीत बसत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडे पाहून कळलं. प्रायोरिटी वन म्हणजे ताबडतोब उड्डाण. टू म्हणजे सवड मिळेल तेव्हा.

लान्स नायक मनोहर माझ्याच जिल्ह्यातल्या केशोरी गावचा. अख्ख्या कंपनीत माझ्याशी झाडीबोली बोलणारा तो एकटाच. त्या दिवशी सकाळी दहा वीसला त्याच्या गस्तीच्या तुकडीवर गोळीबार झाला. दहा पन्नासला जीपने त्याला माझ्यापुढे आणलं. गोळी पोटात शिरली होती, बाहेर आली नव्हती. नाडी एकशे तीस, पोट फळीसारखं कडक. आत रक्त साचत होतं आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

"भाऊ, पोटात आग लागून राहिली," तो म्हणाला. "मी मरून तं नाही राहिलो ना?"

"चूप राह. हेलिकॉप्टर येऊन राहिलं."

दहा अठ्ठावन्नला मी रेडिओवर प्रायोरिटी वन मागितलं.

"पेशंट होश में है?" मेजर साहेबांनी विचारलं.

"है, सर. पर बीपी गिर रहा है."

"बात कराओ उससे."

इथे माझी चूक झाली. साहेबांनी मागितलं की द्यायचं, ही बारा वर्षांची सवय. मी हँडसेट मनोहरच्या तोंडाशी धरला.

"कैसे हो, जवान?"

मनोहरने पडल्या पडल्या टाचा जुळवायचा प्रयत्न केला. "ठीक हूँ, साब!" आवाज खणखणीत.

फौजेत साहेबाच्या या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. ताप असो, पाय मोडलेला असो, बायको माहेरी निघून गेलेली असो, रिक्रूट असल्यापासून हेच घोटून घेतलेलं असतं. मेजर साहेबांनी नोकरीत हे हजारदा ऐकलं असेल. तरी त्यांनी ते दोन शब्द म्हणजे डॉक्टरी तपासणी मानली आणि फॉर्मवर टू लिहिलं.

"सर, पेट में ब्लीडिंग है. वन चाहिए."

"हवालदार, डॉक्टर मत बनो. आउट."

उभं असलेलं हेलिकॉप्टर पाहणीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन धबधबा बघायला गेलं. धबधबा! आमच्याकडे ते बारा पन्नासला उतरलं. मनोहर बारा तीसलाच गेला होता. तोवर मी दोन्ही हातांनी सलाइनच्या बाटल्या दाबत होतो.

नंतर चौकशी झाली. मेजर साहेबांनी लिहून दिलं की पेशंटने स्वतःच प्रकृती ठीक असल्याचं कळवलं होतं. चौकशीने मान डोलावली. मला त्या माणसाची आजही किळस येते. हँडसेट पुढे करणाऱ्या माझ्या हाताचाही राग येतो, पण निदान तो हात रक्ताने भरलेला होता.

सुट्टीत केशोरीला गेलो. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात पुढाऱ्यांनी भाषणं ठोकली. एकाने मनोहरला हिमालयात लढवलं, दुसऱ्याने पाकिस्तानात. तो कुठे मेला हे विचारायची तसदीही कोणी घेतली नव्हती. मंडपातल्या खुर्च्या उचलल्यावर मी त्याच्या आईजवळ बसलो. बुद्धाच्या तसबिरीखाली त्याचा वर्दीतला फोटो होता. मी सगळं सांगितलं, हँडसेटचंही लपवलं नाही.

"लय दुखत होतं का त्याले?" तिने विचारलं.

"होय, माय."

"मंग सायबाले काऊन नाही सांगतलं त्यानं?" ती फोटोकडे बघत म्हणाली. "घरी पायात काटा रुतला तं सारा मोहल्ला जमा करे माहा मनोहर."